वडाखालची केळबाय : सत्तरीतल्या एका शिळेची चोरी, शोध आणि घरवापसी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवळातून एक दगडी शिळा नाहीशी झाली आणि सात वर्षांनी परत आली. गावाचे नाव लिहीत नाही, कारण खटला अजून उभा आहे आणि त्यात अडकलेल्यांपैकी काहीजण माझ्या रोजच्या पाहण्यातले आहेत. बाकी सगळे जसे घडले तसे लिहितो आहे. मूर्तिचोरी म्हटली की न्यूयॉर्कची गॅलरी, लंडनचा लिलाव असे काहीतरी डोळ्यांसमोर येते. आमची केळबाय गोव्याची हद्दसुद्धा ओलांडून गेली नव्हती. गावापासून गाडीने दीड तासाच्या वाटेवर ती एका भिंतीला टेकून उभी होती. तरीही तिला घरी आणायला जे जे लागले, ते सातासमुद्रापलीकडून मूर्ती आणताना लागते तेच होते : कागद, फोटो, मोजमाप, आणि ‘ही आमची’ हे कोर्टात पटवून देण्याची चिकाटी. आणि ती गेली ती कुणी कुलूप तोडले म्हणून नव्हे. आम्हीच तिला उघड्यावर ठेवली होती.

केळबाय म्हणजे गजलक्ष्मी. सत्तरी, डिचोली आणि पलीकडे दोडामार्ग या पट्ट्यात ती गावोगाव भेटते, पुष्कळ ठिकाणी सातेरीच्या सोबतीने. सातेरी वारुळात, केळबाय दगडात. आमची केळबाय काळपट हिरव्या दगडाची, सव्वातीन फूट उंच, दोन फूट रुंद. मधे मांडी घालून बसलेली देवी, दोन्ही अंगांना हत्ती, त्यांच्या सोंडांत उचललेले घट. खालच्या पट्टीत वाजंत्री : एकाच्या गळ्यात ढोल, दुसऱ्याच्या ओठांशी शिंग. देवीच्या गुडघ्यापासून डाव्या काठापर्यंत एक तिरकी चीर गेलेली आणि त्या चिरेत कित्येक पिढ्यांचे तेल मुरलेले. उजव्या हत्तीची सोंड टोकाला तुटलेली, त्यामुळे तिथे बोटभर खोबण झाली आहे. जाणकारांनी पुढे ही शिळा कदंब राजांच्या काळातली, तेराव्या शतकाच्या आगेमागची ठरवली. लहानपणी आम्हाला कदंब ठाऊक नव्हते. त्या खोबणीत अबोलीचे फूल देठासकट नेमके बसते, एवढे मात्र गावातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होते.

जीर्णोद्धार

२००६ च्या मे महिन्यात देवस्थानची सर्वसाधारण सभा झाली. जुने देऊळ मातीच्या भिंतींचे, फणसाच्या बारा कोरीव खांबांवर तोललेले. पावसाळ्यात चार ठिकाणी गळायचे, वाळवी लागली होती, आणि शेजारच्या गावांत एकामागून एक काँक्रीटची देवळे उभी राहत होती. सभेत सगळ्यांचा होकार पडला. चीर गेलेली मूर्ती पूजेत ठेवू नये असे पुरोहितांनी सांगितले; कौल लावला, तोही तसाच आला. नवी मूर्ती कर्नाटकातल्या कारागिराकडून घडवून घ्यायचे ठरले. मी तेव्हा समितीचा सचिव होतो. ठराव माझ्या अक्षरात आहे आणि हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

खंडित मूर्तीचे विसर्जन करावे असा प्रघात. तळी उपसताना जुने देव वर येतात ते त्यामुळेच. पण आमच्या वृद्ध गुरवांनी ऐकले नाही. “बायेला पाण्यात लोटायची नाही. ती वडाखाली बसेल,” म्हणाले. २००८ मध्ये नव्या मूर्तीची प्रतिष्ठापना झाली आणि जुनी शिळा तळीच्या काठी, वडाखाली, दोन चिऱ्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांवर, पूर्वेकडे तोंड करून ठेवली गेली. गुरवमामा दर अमावास्येला तिथे पणती लावत. २०१० च्या श्रावणात ते गेले, आणि पणती थांबली.

देवळाचे काम मात्र पुढे चाललेच होते. सभामंडप, मग भाविकांच्या मुक्कामाची अग्रशाळा, मग कुंपण. चिरे, वाळू, खडी घेऊन ट्रक यायचे, डबर घेऊन जायचे. ताडपत्रीखाली काय आहे हे कोण बघणार? जीर्णोद्धार चालू असलेल्या देवळाइतकी असुरक्षित जागा दुसरी नाही, हे मी आज ठामपणे सांगतो. दारांना कुलपे नसतात, देव तात्पुरते दुसरीकडे हलवलेले असतात, रोज अनोळखी माणसांची ये-जा असते. त्यातून एखादी वस्तू जागेवर दिसली नाही तर प्रत्येकाला वाटते, समितीने कुठेतरी नीट ठेवली असेल. समितीतल्यांना वाटते, गुरवांनी ठेवली असेल.

२०१३ च्या फेब्रुवारीत पणजीहून एक विद्यार्थिनी आली. गोव्यातल्या गजलक्ष्मीच्या शिळांवर तिचा अभ्यास चालला होता. मी तिला मोठ्या अभिमानाने वडाखाली नेले. दोन चिरे होते. त्यांच्यावर शेवाळ होते, आणि शेवाळाच्या मधोमध शिळेच्या तळाएवढा कोरडा, फिकट चौकोन. ती मुलगी काही बोलली नाही. तिने वही मिटली.

रकान्यात आकडा लागतो

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, कधी गेली? सांगता येईना. गुरवमामा होते तोवर पणती लागत होती, म्हणून २०१० चा श्रावण ते २०१३ चा फेब्रुवारी एवढा अडीच वर्षांचा काळ तक्रारीत लिहिला. दुसरा प्रश्न, फोटो? नव्हता. गाभाऱ्यात आणि देवासमोर फोटो काढायचा नाही ही आमची जुनी शिस्त. तिसरा प्रश्न, किंमत? मी सांगितले, अमूल्य लिहा. हवालदार सौम्य होते. “मास्तर, रकान्यात आकडा लागतो.” तेवढ्या आकाराची नवी कोरीव शिळा कितीला पडेल असा हिशेब करून आम्ही दहा हजार लिहिले. तो आकडा पुढे आमच्यावरच उलटला. आपली वस्तू आपणच दहा हजारांची ठरवली होती ना, असे कोर्टात विचारले गेले.

घरी येऊन देवस्थानचे दप्तर काढले. गोव्यात देवस्थानांचा कारभार अजूनही १९३३ च्या पोर्तुगीज काळातल्या नियमावलीवर चालतो. महाजन म्हणजे देवस्थानचे वंशपरंपरेचे सभासद, त्यांची निवडून आलेली समिती, देवाच्या वतीने कोर्टकचेरी बघणारा मुखत्यार, आणि वर देखरेखीला मामलेदार. दप्तर ठेवण्यात आमचे पूर्वज काटेकोर होते. चांदीचे मुखवटे, प्रभावळ, समया, सगळे तोळ्यांत आणि पुढे ग्रॅममध्ये तोलून लिहिलेले. एका तांब्याच्या घंघाळाला पोचा आहे, हेसुद्धा नोंदलेले. शिळेची एक ओळही नाही. दगड तोलायचा कशाला, आणि तो नेणार कोण, असेच सगळ्यांना वाटत आले असणार.

कायद्याचे म्हणणे वेगळे आहे. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२ सालचा, अंमलात आला ५ एप्रिल १९७६ रोजी. शंभर वर्षांहून जुने शिल्प ही पुरावस्तू, हस्तलिखिताला पंच्याहत्तर वर्षे पुरतात. ती देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेखेरीज कुणाला नाही. तिचा व्यापार करायला परवाना लागतो. आणि दगडी शिल्प ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याची नोंदणी अधिकाऱ्याकडे फोटोसह नोंद करून घ्यायची असते. मूर्ती पूजेत आहे की नाही, अखंड आहे की भंगलेली, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. आम्ही नोंद केली नव्हती. चोराविरुद्ध तक्रार द्यायला गेलो तेव्हा आमच्याच हातून कायद्याचे एक काम राहून गेले होते.

फोटोचा शोध मग घराघरांतून सुरू झाला. मी वाड्यावाड्यावर जाऊन लग्नाचे अल्बम मागितले. माणसे चहा द्यायची, अल्बम काढायची, आणि कुणाचे तरी गेलेले आईबाप त्यात निघाले की डोळे पुसायची. अडतिसावा अल्बम माझ्या चुलत बहिणीचा, १९९२ सालचा. सभामंडपात नवरानवरी उभी, आणि त्यांच्या खांद्यांमागे अर्धी केळबाय. डावा हत्ती, देवीचा गुडघा, चिरेची सुरुवात. उजवी बाजू नवऱ्याच्या फेट्याने झाकलेली. बहीण म्हणाली, “दादा, व्हिडिओपण काढला होता.” कॅसेटला बुरशी आली होती. म्हापशात एका जुन्या फोटो स्टुडिओवाल्याने ती उघडून, पुसून, संगणकावर उतरवून दिली. अक्षता टाकताना कॅमेरा एकदा भिंतीवरून फिरतो, चार सेकंद. त्या चार सेकंदांत तुटकी सोंड दिसते आणि तिच्या खोबणीत अबोली.

असे फोटो काय करू शकतात याचा दाखला मोठा आहे. १९६१ मध्ये नालंद्याच्या संग्रहालयातून चौदा ब्राँझ मूर्ती चोरीला गेल्या. त्यांतली एक बुद्धमूर्ती २०१८ मध्ये एका व्यापारी प्रदर्शनात ओळखली गेली, कारण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चोरीआधीचे फोटो होते. लंडनच्या पोलिसांनी ती १५ ऑगस्ट २०१८ रोजी भारताच्या हवाली केली. सत्तावन्न वर्षांनी! तामिळनाडूतल्या श्रीपुरंतानचा नटराजही असाच, पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने देवळात जाऊन काढून ठेवलेल्या फोटोंमुळे ओळखता आला.

आम्हा गोवेकरांना तर हे दुसऱ्या एका प्रकरणातून कळायला हवे होते. १९६१ च्या डिसेंबरात मुक्तीच्या तोंडावर पोर्तुगीज बँकेने गोवेकरांचे गहाण सोन्याचे दागिने जहाजाने लिस्बनला पाठवले. ते परत आले १९९१ मध्ये. तीस वर्षे ते सोने परक्या तिजोरीत होते, तरी कुणाचे काय याचा माग गहाणाच्या कागदांवर होता. सोन्याला कागद असतो. दगडाला आम्ही कागद केला नाही.

विद्यार्थिनीने मला एक नमुना पाठवला. सांस्कृतिक वस्तूंच्या वर्णनाची ही आंतरराष्ट्रीय पद्धत १९९७ पासून रूढ आहे, पोलीस, जकात अधिकारी आणि संग्रहालये तीच वापरतात. वस्तूचा प्रकार, माल, माप, विषय, अंदाजे काळ, कोरलेली अक्षरे, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ओळखीच्या खुणा : तुटफूट, चीर, दुरुस्ती. ज्या चिरेमुळे आम्ही बायेला देवळाबाहेर काढले, तीच आता तिची सर्वांत भक्कम ओळख ठरत होती. अर्जासोबत लग्नाचा फोटो आणि व्हिडिओतला थांबवलेला क्षण जोडला. मग पाच वर्षे काहीही झाले नाही.

“ही आपली बाय न्हय?”

२०१८ च्या पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी मोबाइलवर फोटो आला. पाठवणारा आमच्याच गावचा, वायरिंगची कामे करणारा मुलगा. बार्देश तालुक्यात समुद्राजवळच्या एका बंगल्यात त्याचे काम चालले होते. अंगणात शोभेचे कारंजे, त्याच्या मागच्या भिंतीत सिमेंटने बसवलेली शिळा, आणि वरच्या तांब्याच्या नळीतून तिच्या मस्तकावर पाणी पडते आहे. पाण्याने दगडावर पांढरे ओघळ चढले होते. खाली एवढेच लिहिलेले : “मास्तर, ही आपली बाय न्हय?” दुसरा फोटो जवळून काढलेला. त्याने कुंडीतले कुठलेतरी फूल तोडून तुटक्या सोंडेत खोचले होते. बसले होते.

त्या रात्री राजांगणात सगळा गाव जमला. तरुण मुलांनी दोन टेम्पो तयार ठेवले होते. पहाटे जायचे, भिंत फोडायची, बायेला घेऊन यायचे. त्यांचा संताप खरा होता आणि मला तो समजत होता. मी त्यांना एवढेच विचारले की आपण तिला असे आणले तर ती तिथे होती हे उद्या सिद्ध कोण करणार? पंचनाम्याशिवाय काढलेली वस्तू म्हणजे आपणच केलेली दुसरी चोरी. मध्यरात्र उलटेपर्यंत वाद चालला. शेवटी एक आजी म्हणाल्या, बाय आपल्या पायांनी गेलेली नाही, तिला मानाने आणा. मुले गप्प झाली.

बंगल्याचे मालक परराज्यातले, सज्जन गृहस्थ. पोलिसांना त्यांनी बिल दाखवले. सजावटीचे सामान विकणाऱ्या दुकानाचे, रक्कम एक लाख ऐंशी हजार, वस्तूचे नाव ‘जुना दगड, बागेसाठी’. दुकानदार म्हणाला, मी भंगारवाल्याकडून घेतला. भंगारवाला म्हणाला, डबराच्या गाडीवरून. गाडी कुणाची, हा प्रश्न खटल्यात अजून सुटलेला नाही. मालकांना आपण काय घेतले याची कल्पना नव्हती असे माझे मत झाले. पण १९३० चा मालविक्री कायदा साधे तत्त्व सांगतो : विकणाऱ्याकडे जी मालकी नाही ती घेणाऱ्याला मिळत नाही, त्याने पैसे कितीही प्रामाणिकपणे मोजलेले असोत.

बिलावरचे ते तीन शब्द मी पुष्कळ वेळा वाचले. हा सगळा धंदा त्या तीन शब्दांत आहे. देवीची शिळा डबर होते, डबराचे भंगार होते, भंगाराचा ‘जुना दगड’ होतो, आणि प्रत्येक पायरीवर तिचे गाव पुसले जाऊन तिची किंमत चढते. परदेशी जाणाऱ्या मूर्तींचे कागदही याच रीतीने रंगवले जातात, फक्त ते जास्त देखणे असतात. श्रीपुरंतानचा नटराज न्यूयॉर्कचा कलाव्यापारी सुभाष कपूर याने कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाला २००८ मध्ये सुमारे पन्नास लाख डॉलरला विकला. सोबत मूर्ती १९७० च्या आसपासच भारताबाहेर गेल्याचा बनावट पुरावा. तेच साल का? कारण सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा, आणि आपला कायदा १९७२ चा. त्याआधी बाहेर गेलेल्या वस्तूवर दावा लावणे अवघड. कपूरला २०११ मध्ये जर्मनीत पकडले, २०१२ मध्ये भारतात आणले, २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा सुनावली. नटराज त्याआधीच, २०१४ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी दिल्लीत परत केला होता.

कूस

ओळख पटवणे हे या प्रकरणातले सर्वांत नाजूक काम. फोटो धूसर, व्हिडिओ चार सेकंदांचा. दुकानदाराच्या वकिलांचे म्हणणे, अशा गजलक्ष्मी गोव्यात पुष्कळ आहेत, हीच ती कशावरून?

उत्तर आमच्या पायाखाली होते. जुन्या देवळात केळबाय एका दगडी पीठावर उभी असे. शिळेच्या तळाला, सुतार लाकडाला काढतात तशी कूस, म्हणजे खोबणीत बसणारा खुंट, होती आणि पीठात त्या मापाची खोबण. २००८ मध्ये शिळा वर उचलली, पीठ तिथेच राहिले, आणि पुढे गवंड्यांनी ते तळीच्या दुसऱ्या पायरीला लावून टाकले. दहा वर्षे आम्ही त्यावर उभे राहून पाय धुतले. एका म्हाताऱ्या गवंड्याला ते आठवले. खोबण चुना-सिमेंटने बुजली होती. पंचांसमोर ती मोकळी करायला अख्खी सकाळ गेली. लोखंड लावू दिले नाही, बांबूची काडी, पाणी आणि दात घासायचा ब्रश एवढ्यावर काम केले. खोबण साडेपाच इंच लांब, तीन इंच रुंद निघाली. तिचा मागचा उजवा कोपरा काटकोनात नव्हता, तिथे दगड आत सोडलेला होता. कारागिराची छिन्नी सातशे वर्षांपूर्वी तिथे घसरली असेल आणि त्याने कूसही त्या चुकीला जुळवून घेतली असेल.

पुठ्ठ्याचा साचा कापला, पंचांच्या सह्या घेतल्या आणि तो ठाण्यावर नेला. जप्तीच्या वेळी भिंतीतून काढताना शिळेच्या तळाचे सिमेंट सुटले होते, त्यामुळे कूस उघडी होती. तिचाही मागचा उजवा कोपरा तासलेला. साचा बसवला तेव्हा कागद सरकेल एवढीही फट राहिली नाही. पंच म्हणून आलेल्या, ठाण्याशेजारच्या एका दुकानदाराने मागे सरून चपला काढल्या.

वकिलांचा दुसरा मुद्दा मला जास्त लागला. ते म्हणाले, या लोकांनी ही मूर्ती टाकून दिली होती. पूजेतून काढली, उघड्यावर ठेवली, अडीच वर्षे तिच्याकडे बघितले नाही. टाकलेल्या वस्तूवर हक्क कसला? मी साक्षीला उभा होतो. मला गुरवमामांची पणती आठवली. वडाच्या मुळावर, चिऱ्यांच्या समोर, तेलाचा काळा डाग अजूनही होता, त्याचा फोटो आम्ही पंचनाम्यात घेतला होता. विसर्जन न करता पूर्वेकडे तोंड करून, जमिनीपासून वर उचलून ठेवलेली वस्तू ही टाकलेली नव्हे, ठेवलेली असते, एवढे मी सांगू शकलो.

आमच्या वकिलांनी त्या वेळी पत्तूरच्या नटराजाचा दाखला दिला. तंजावर भागातल्या पत्तूर गावी १९७६ मध्ये एका मजुराला पडक्या देवळाजवळ खणताना नटराज सापडला. हातोहाती तो लंडनला पोचला, १९८२ मध्ये कॅनडाच्या एका तेल कंपनीने घेतला आणि डागडुजीसाठी ब्रिटिश म्युझियममध्ये असताना लंडनच्या पोलिसांनी जप्त केला. ते देऊळ शतकानुशतके ओस. ना पुजारी, ना दिवा. तरी इंग्लंडच्या न्यायालयाने १९८८ मध्ये निकाल दिला आणि १९९१ मध्ये अपिलातही तो टिकला, की देवळाला स्वतःच्या नावाने दावा लावता येतो आणि नटराजावर त्याचा हक्क कंपनीपेक्षा वरचढ आहे. त्या खटल्यात मूर्तीवरची माती, धातू, वाळवीच्या खुणासुद्धा तपासल्या गेल्या होत्या. सातशे उंबरेही नसलेल्या आमच्या गावाला त्या निकालाचा केवढा आधार वाटला हे सांगता येत नाही. शेकडो वर्षे ओसाड पडलेल्या देवळाचा देव जर देवळाचाच राहतो, तर आमची बाय अडीच वर्षांत परकी कशी होईल?

मुद्देमाल

शिळा सापडली, जुळली, तरी घरी आली नाही. ती मुद्देमाल झाली होती. चौदा महिने ती ठाण्याच्या आवारात, जप्त केलेल्या दुचाकींच्या रांगेशेजारी, निळ्या प्लॅस्टिकखाली उभी होती. गळ्यात सुतळीने बांधलेले क्रमांकाचे लेबल. गावच्या बायका बाजारला म्हणून निघायच्या आणि वाकडी वाट करून तिथे हात जोडून यायच्या. ठाण्यातल्या मंडळींनी त्यांना कधी अडवले नाही, हे नमूद केले पाहिजे.

मूर्तींच्या परतीबद्दल लिहिणारे या टप्प्याकडे फारसे बघत नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने २९७ पुरावस्तू भारताच्या हवाली केल्या. २०१६ पासूनची तिकडून आलेली संख्या त्यामुळे ५७८ झाली. आनंदाची गोष्ट आहे. पण विमानतळावर उतरलेली मूर्ती गावात पोचते असे नाही. कित्येक मूर्ती दिल्लीच्या पुराना किल्ल्यातल्या दालनात आहेत, तामिळनाडूतल्या कित्येक तिरुवारूरच्या मूर्तिकेंद्रात. जिथून ती गेली ते देऊळ कुठले हे ठरले नाही, किंवा तिथे ठेवण्याची सोय नाही, किंवा खटला संपलेला नाही. प्रत्येक कारण आपापल्या जागी बरोबर आहे, आणि देव मात्र कोठारात.

आम्हाला वाट दाखवली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालाने. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात सरकार. त्यात न्यायालयाने स्पष्ट म्हटले आहे की मुद्देमाल पोलीस ठाण्यात अडकवून ठेवू नये; सविस्तर पंचनामा करावा, फोटो घ्यावेत, बंधपत्र घ्यावे आणि वस्तू हक्कदाराला द्यावी. खटल्यात पुरावा म्हणून ते फोटो आणि तो पंचनामा चालतो. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५१ खाली मुखत्यारांनी केळबायच्या वतीने अर्ज केला. अर्जदाराच्या जागी देवीचे नाव होते. पाच लाखांच्या सुपूर्तनाम्यावर ताबा मिळाला. अटी अशा : शिळा गावाबाहेर न्यायची नाही, तिला सिमेंट, रंग, तेल, काहीही लावायचे नाही, आणि कोर्ट बोलावील तेव्हा हजर करायची.

२०२० च्या जानेवारीत बाय आली. टेम्पोत गाद्या घातल्या होत्या, तरी सहाजण तिला हातांनी धरून बसले होते. वाळपईपासून पुढे लोक रस्त्यावर उभे होते.

कुठे ठेवायची यावर मतभेद झाले, आणि ते अजून आहेत. काहीजण म्हणाले, पणजीच्या संग्रहालयाला द्या, सुरक्षित राहील. हा विचार वाईट नाही. पण माझे मत वेगळे पडले. गोव्यातल्या माणसाला देव वाचवणे म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. दिवाडीवरचा सप्तकोटेश्वर नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ बांधवले. त्या लोकांनी देव सुरक्षित जागी नेले खरे, पण नेले ते पुन्हा त्यांच्यासोबत राहता यावे म्हणून. आम्ही अग्रशाळेची एक खोली रिकामी केली. लोखंडी जाळी, कॅमेरा, रात्री एक माणूस. पुरावस्तू म्हणून नोंदणीचा अर्ज केला, आणि दप्तरात चांदीच्या समयांच्या आधी पहिली ओळ तिची लिहिली : उंची, रुंदी, चीर, तुटकी सोंड, कुसीचा तासलेला कोपरा.

अटीप्रमाणे तिला तेल लावता येत नाही. भिंतीत पक्की बसवताही येत नाही, म्हणून ती सागवानी फळ्यांच्या चौकटीत उभी आहे, खाली रबर. बायका जाळीबाहेर अबोली ठेवतात. आत जाऊन सोंडेत फूल खोचायची कोर्टाची परवानगी आहे का, असे मला शाळेतल्या मुलांनी विचारले होते. मी वकिलांना विचारून आलो. फूल चालेल म्हणाले.

खटल्याच्या एका तारखेहून परतताना किनाऱ्याकडच्या एका हॉटेलच्या ओसरीत मी चहाला थांबलो. ओसरीला चार कोरीव खांब होते, फणसाचे. एकाच्या माथ्यावर पोपटाची जोडी, आणि त्याखाली दोरीने घासून पडलेला गुळगुळीत खाचा, जिथे आमच्याकडे रामनवमीला पाळणा बांधत. मी हात लावून बघितला. इमारतीपासून सुटी केलेली शंभर वर्षांहून जुनी वस्तू हीसुद्धा त्याच कायद्याने पुरावस्तू ठरते, हे तोवर मला पाठ झाले होते. पण हे खांब कुणी चोरले नव्हते. बारा खांब, चाळीस हजार रुपये, ‘जुने लाकूड’ म्हणून विकल्याची पावती देवस्थानच्या दप्तरात आहे. तिच्यावर सचिव म्हणून माझी सही आहे.